१९४९ची कॅडिलॅक कन्व्हर्टिबल बघायला जातोय, काय काय तपासू?

सायोटोकाठचा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचत होतो, धागा पहिल्यांदाच काढतोय.

मिशिगनमध्ये ग्रँड रॅपिड्सजवळ १९४९ची कॅडिलॅक सिरीज ६२ कन्व्हर्टिबल विकायला आहे. मी कोलंबसला असतो, त्यामुळे नुसती बघून यायचं तरी अख्खा दिवस मोडणार. जाहिरातीत 'फ्रेम-ऑफ रिस्टोरेशन' लिहिलंय, म्हणजे बॉडी फ्रेमवरून उतरवून सगळी गाडी नव्याने बांधलेली. गडद मरून रंग, बदामी टॉप, आतलं लेदर मरून. उघड्या फ्रेमचे, रंगाच्या बूथमधले, इंजिन टांगलेले असे ढीगभर फोटो आहेत. ज्यांनी हे सगळं केलं ते गृहस्थ वारले, आता मुलगा विकतोय. आपल्याला गाड्यांतलं काही कळत नाही हे तो स्वतःच सांगतो. रिस्टोरेशनला बारा वर्षं झाली आणि त्यानंतर गाडी जेमतेम तीनशे मैल चालली आहे. मागतोय ७२,००० डॉलर.

माझा अनुभव म्हणाल तर माझ्दाची जुनी छोटी कन्व्हर्टिबल, मियाटा. ऑइल, ब्रेक पॅड, टॉप बदलणं एवढं घरी केलंय. मला कुठल्या लॉनवर उभी करून बक्षिसं मिळवायची नाहीत, रविवारी टॉप उघडून चालवायची आहे.

दोन गोष्टी खटकतायत. एक, गाडी अजून ६ व्होल्टवरच आहे. घेतल्यावर १२ करून घ्यावी का? दुसरं, मुलगा म्हणाला की मागची डावी काच जरा हळू चढते, "पण या गाड्यांचं ते नेहमीचंच." खरंच नेहमीचं असतं का?

फिरस्ता

चालवायचीच असेल तर एवढे पैसे घालून ७५ वर्षांहून जुनी गाडी कशाला? साठच्या दशकातली मस्टँग कन्व्हर्टिबल घ्या. प्रत्येक पार्ट कॅटलॉगमध्ये मिळतो, गॅरेजमध्ये मावते आणि वर पैसे उरतात.

काकू_मिशिगन

फिरस्ता, मस्टँग चांगलीच गाडी आहे, पण त्यांनी विचारलंय कॅडिलॅकचं. ज्याला पुरणपोळी हवी त्याला श्रीखंड वाढून काय उपयोग.

सायोटोकाठचा, आमच्याकडे हीच गाडी आहे, हेच साल, हीच बॉडी. पत्रा आणि रंग ह्यांच्याकडे, वायरिंग आणि हायड्रॉलिक माझ्याकडे, अशी आमची वाटणी. मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर, आयुष्यभर डेट्रॉईटच्या आसपास गाड्यांच्याच धंद्यात काढलं, त्यामुळे जरा लांबण लागेल. चहा घेऊन बसा.

आधी तुमच्या काचेचं, कारण खरी गोम तिथेच आहे. या गाडीत चारही काचा, पुढची सीट आणि टॉप एकाच यंत्रणेवर चालतात. तिला हायड्रो-लेक्ट्रिक म्हणतात. एक विजेचा पंप, त्याच्या नळ्या सगळ्या गाडीभर फिरलेल्या, आणि प्रत्येक काचेखाली एक सिलिंडर. बटण वर केलं की पंप चालू होतो, त्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडतो आणि द्रव काच वर ढकलतो. खाली करताना पंप चालतच नाही. फक्त व्हॉल्व्ह उघडतो, स्प्रिंग काच खाली ओढते आणि द्रव टाकीत परत जातो. डोकं लावून केलेली रचना आहे. फक्त कंपनीने त्यात द्रव भरला तो ब्रेक फ्लुइड! ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी ओढून घेतं, पाण्याने सिलिंडर आतून गंजतो, गंजाने सील कापलं जातं, आणि गळालेलं फ्लुइड रंगाला पेंट रिमूव्हरसारखं खातं. गाडी उभी राहिली की हे सगळं जास्त वेगाने होतं. तुमची बारा वर्षं उभी आहे.

तेव्हा 'नेहमीचंच' म्हणून सोडून देऊ नका. चारही काचा वरखाली करून बघा. सगळ्याच हळू चढत असतील तर पंप थकलाय किंवा त्याला पुरेसे व्होल्ट मिळत नाहीत. एकच हळू असेल तर दोष त्या सिलिंडरमध्ये, व्हॉल्व्हमध्ये किंवा काच ज्या खाचेतून सरकते तिच्या कडक झालेल्या अस्तरात. वर नेलेली काच तासाभराने आपोआप खाली उतरली असेल तर व्हॉल्व्ह किंवा सील गेलं. मग जमिनीवर आडवे होऊन दारांच्या खालच्या कडा आणि मागच्या काचेखालचा भाग बघा. पाणी निघून जायला जी भोकं असतात त्यांच्याभोवती रंगाला फोड आले असतील तर आत फ्लुइड गळतंय. बूथमधल्या फोटोंत हे दिसणार नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, टाकीत सध्या काय आहे ते शोधा. लाल दिसलं तर ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं तेल, जांभळट दिसलं तर सिलिकॉन. पिवळट किंवा तपकिरी असेल तर थेंबभर काढून पाण्याच्या कपात टाका. पाण्यात मिसळून गेलं तर जुनं साधं ब्रेक फ्लुइड. हे एवढ्यासाठी की प्रत्येक द्रवाला वेगळं रबर लागतं. ब्रेक फ्लुइडसाठी बनवलेल्या सीलवर कोणी 'सुधारणा' म्हणून ट्रान्समिशन तेल ओतलं तर रबर फुगून सगळी यंत्रणा बसते. काय भरलंय हे ज्या मालकाच्या वहीत लिहिलेलं सापडेल, त्याने बाकी कामही नीट केलं असणार असं मी धरून चालते.

आता ६ व्होल्ट. हात लावू नका. काचांचा पंप, व्हॉल्व्हच्या कॉइल, हीटरची मोटर, रेडिओ, मीटर, सगळं ६ व्होल्टचं आहे. १२ केलं की एकेकाला वेगळी पट्टी बांधत बसाल. ६ व्होल्टची गाडी सुरू व्हायला कुरकुरते असं जे लोक म्हणतात, त्यातल्या बहुतेकांच्या गाडीला केबल चुकीची असते. तेवढीच शक्ती अर्ध्या व्होल्टमध्ये द्यायची तर करंट दुप्पट लागतो, आणि त्याच तारेतला तोटा चौपट होतो. दुकानात टांगलेली तयार बॅटरी केबल १२ व्होल्टच्या गाड्यांसाठी असते, बारीक. इथे अंगठ्याएवढी जाड, शून्य किंवा दोन-शून्य गेजची हवी, आणि अर्थिंगची टोकं रंग खरवडून कोऱ्या लोखंडावर बसवलेली हवीत. नव्या रिस्टोरेशनमध्ये नेमकं हेच राहतं, कारण फ्रेमला सुंदर गुळगुळीत रंग मारलेला असतो आणि रंगातून वीज जात नाही. अर्धा तास चालवून आणा, बंद करा, दहा मिनिटं गप्पा मारा, पुन्हा सुरू करा. तापलेलं इंजिन कण्हत फिरलं तर आधी केबल बघा. थंड इंजिन तर कुणीही सुरू करून दाखवेल.

बाकी पत्र्याबद्दल हे संध्याकाळी लिहायला सांगतायत.

डेटनकर

कागदपत्रांचं मी सांगतो, ओहायोचा आहे म्हणून. बाहेरच्या राज्यातून आणलेल्या गाडीचं टायटल, म्हणजे मालकीचा कागद, करताना इथे आधी नंबरची तपासणी लागते, मग काउंटीच्या क्लर्क ऑफ कोर्ट्सच्या टायटल ऑफिसात जायचं. या काळातल्या कॅडिलॅकचं टायटल इंजिनच्या नंबरावर असतं, आणि इथेच घोडं पेंड खातं. कधीतरी कोणी इंजिन बदललं असेल तर टायटलवर एक नंबर आणि ब्लॉकवर दुसरा. ४९च्या सिरीज ६२चा नंबर ४९६२ने सुरू होतो. टायटल, इंजिन आणि फ्रेम, तिन्हीकडचा नंबर पैसे देण्याआधी ताडून बघा आणि फोटो काढून ठेवा. तपासणीच्या काउंटरवरच्या माणसाने असला नंबर आयुष्यात पाहिलेला नसतो. तो डॅशबोर्डच्या काचेतच शोधत राहतो.

हिस्टॉरिकल प्लेट स्वस्त पडते, पण ती प्रदर्शनं, क्लबचे कार्यक्रम, परेड असल्याच वापरासाठी आहे. रविवारी मनात आलं की काढायची असेल तर सरळ साधी प्लेट घ्या. विमा मात्र 'ॲग्रीड व्हॅल्यू'चा, म्हणजे आधीच ठरलेल्या रकमेचा. 'स्टेटेड व्हॅल्यू' म्हणाले तर सही करू नका, त्यात दाव्याच्या वेळी कंपनी कमी रक्कम देऊ शकते.

काकू_मिशिगन

डेटनकरांचं पटलं. आमच्याकडे मिशिगनमध्ये हिस्टॉरिकल प्लेटवाल्यांना ऑगस्ट महिनाभर गाडी रोजच्यासारखी वापरायला मुभा असते. वुडवर्ड ड्रीम क्रूझ, डेट्रॉईटजवळचा जुन्या गाड्यांचा मेळा, तोही ऑगस्टमध्येच. त्या महिन्यात आमचं किराणा सामान कॅडिलॅकमधूनच येतं!

नंबराबरोबर फायरवॉलवरची, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरची, बॉडीची पट्टीही वाचा. खऱ्या कन्व्हर्टिबलवर ४९-६२६७एक्स असं असतं, आणि तो शेवटचा एक्स म्हणजे हायड्रो-लेक्ट्रिक. रंग आणि कापडाचे कोडही तिथेच असतात. मूळ रंग मरून नव्हता असं निघालं तर चालवायला काही बिघडत नाही, पण भाव करताना बोलायला एक मुद्दा मिळतो.

आता ह्यांचं. कन्व्हर्टिबलला छताचा आधार नाही, सगळा भार फ्रेमवर आणि दारांखालच्या पट्ट्यांवर. तेव्हा आधी दोन्ही दारांच्या फटी बघा, मग दोन जाड माणसं मागे बसवून पुन्हा बघा. दाराची वरची फट मिटली किंवा दार घासायला लागलं तर खाली कुठेतरी गंजावर मलम लावलेलं आहे. फ्रीजचं साधं चुंबक रुमालात गुंडाळून दारांच्या खालच्या हातभर भागावर, मागच्या चाकांच्या मागे, डिकीच्या तळाला फिरवा. जिथे चिकटणार नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. टॉप उघडा असेल तर बंद करायला सांगा, बंद असेल तर उघडायला. बारा वर्षं दुमडून ठेवलेलं कापड आखडतं आणि मग पुढच्या पट्टीपर्यंत पोचत नाही. टॉप लावल्यावर काचांच्या कडा रबराला सगळीकडे टेकतात का ते आत बसून उजेडाकडे बघत तपासा.

क्रोम. रंगापेक्षा क्रोम महाग, हे नवख्यांना पटत नाही. समोरची जाळी आणि बंपर लांबून सगळ्यांचेच चमकतात. तुम्ही दारांची हँडलं, दिव्यांच्या कडा, डिकीवरचं चिन्ह बघा. हे भाग जस्ताच्या ओतीव धातूचे असतात आणि त्यांना आतून देवीसारखे खड्डे पडतात. ते एकेक भरून, तांबं चढवून, घासून पुन्हा मुलामा द्यावा लागतो. ज्याने तिथे पैसे खर्च केले त्याने लपलेल्या जागीही केले असण्याची शक्यता जास्त.

आणि आता मी. चालवायला बसाल तेव्हा गिअरच्या पट्टीवर 'पार्क' शोधू नका, नाहीच. हायड्रामॅटिकमध्ये, म्हणजे या गाडीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये, इंजिन बंद करून दांडा रिव्हर्समध्ये टाकायचा, म्हणजे चाकं अडकतात. चार गिअर आहेत आणि बदलताना हलका धक्का बसतो, तो तसाच असतो. धक्का न बसता इंजिन नुसतं ओरडलं आणि मग गिअर पडला तर आत पट्टे घसरतायत. पॉवर स्टिअरिंग नाही, ब्रेकला बूस्टर नाही, सीटबेल्ट नाहीत. दोन टनाची गाडी चारही चाकांच्या ड्रमवर, एकाच मास्टर सिलिंडरवर थांबवायची आहे. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा. वायपर इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतात, म्हणजे चढावर ॲक्सिलरेटर दाबलात की ऐन पावसात ते झोपतात. मला यात गंमत वाटते, ह्यांना वाटत नाही.

इंजिनाची फार काळजी करू नका. ४९ साल घेण्याचं कारणच ते. ४८च्या गाडीला शेपटीचे पंख आले, लॉकहीडच्या पी-३८ विमानावरून सुचलेले, पण बॉनेटखाली जुनंच ३४६ घनइंचाचं फ्लॅटहेड, म्हणजे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असलेलं इंजिन होतं. ४९ला नवं ३३१ घनइंचाचं ओव्हरहेड व्हॉल्व्ह, म्हणजे व्हॉल्व्ह वर असलेलं व्ही-८ आलं. आकाराने लहान, जवळजवळ दोनशे पाउंडांनी हलकं आणि तरी १६० हॉर्सपॉवर, आधीच्यापेक्षा दहा जास्त. ते ज्यांनी उभं केलं त्यांतले एड कोल पुढे जीएमचे, म्हणजे कॅडिलॅकची मालक असलेल्या जनरल मोटर्सचे अध्यक्ष झाले. शर्यतवाले ब्रिग्ज कनिंगहॅम यांनी १९५०मध्ये या इंजिनाच्या दोन गाड्या फ्रान्समधल्या ल मॉंच्या चोवीस तासांच्या शर्यतीला नेल्या. त्यातली एक जवळजवळ शोरूममधलीच सिरीज ६१ कूप होती, ती चोवीस तास धावून दहावी आली. म्हणून सांगते, पंखांवर भाळून ४८ घेणारे घेवोत. इंजिनाच्या मागच्या टोकाला तेल अडवणारं सील दोरीचं आहे, जमिनीवर थेंब दिसले तर घाबरू नका. थारोळं दिसलं तर विचार करा.

शेवटचं, ते तीनशे मैल. जाहिरातीत ती जमेची बाजू म्हणून लिहिलेली आहे, मी ती उणी धरते. फ्रेमपासून जोडलेली गाडी पहिल्या हजार-दोन हजार मैलांत आपल्या सगळ्या तक्रारी सांगते. इथे नट सैल, तिथे नळी घासतेय, हा सील चुकीचा. या गाडीला त्या सांगायची संधीच मिळालेली नाही, आणि त्या ऐकण्याचा खर्च तुम्हाला येणार आहे. त्याच पैशात दहा हजार मैल फिरलेली, रंगावर चार ओरखडे असलेली गाडी मिळाली तर डोळे मिटून ती घ्या.

सायोटोकाठचा

काकू, काका, डेटनकर, खूप आभार. शनिवारी जाऊन आलो.

नंबर तिन्हीकडे जुळले. पट्टीवर ६२६७एक्स आहे. पत्रा चांगला निघाला. चुंबक फक्त डाव्या मागच्या चाकामागे वितभर जागी सुटलं, बाकी सगळीकडे चिकटलं. माझे दोन्ही मेहुणे मागे बसवले (निकषात बसणारे आहेत), दारं घासली नाहीत. हायड्रामॅटिक छान, धक्का तुम्ही म्हणालात तसाच.

वाईट बातमी. टाकीतलं द्रव तपकिरी, पाण्यात सरळ मिसळलं. डाव्या मागच्या काचेखाली, आतल्या गालिच्याचा कोपरा ओलसर होता आणि बाहेरून खालच्या कडेला रंगाला बारीक फोड. तापल्यावर दुसऱ्यांदा सुरू करताना स्टार्टर कण्हला. केबल करंगळीएवढी. टॉप वर आला पण पुढच्या पट्टीला दोन बोटं कमी पडला. आम्ही तिघांनी ओढून लावला.

मुलगा माणूस म्हणून सरळ आहे. फोड दाखवल्यावर तोच म्हणाला, तुम्ही आकडा सांगा. किती सांगू? की सोडून देऊ?

फिरस्ता

पेट्रोल भरलंत का? टाकीचं झाकण सापडलं का, ते सांगा आधी.

सायोटोकाठचा

डाव्या टेललाइटखाली! तो दिवाच वर उचलला जातो. पंपावरच्या माणसासकट आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो.

काकू_मिशिगन

सोडू नका. तुम्ही जे लिहिलंय त्यात एकही गोष्ट अशी नाही की जी दुरुस्त होत नाही. नंबर आणि फ्रेम बिघडलेली असती तर मी उलट सांगितलं असतं.

पण दुरुस्ती पूर्ण करायची, ठिगळ नाही. एकच सिलिंडर गळतोय म्हणून एकच बदलू नका. बाकीचेही त्याच फ्लुइडमध्ये बारा वर्षं बसलेत. सगळे सिलिंडर काढून नव्या सीलसह बांधून घ्या, नळ्या आतून धुवा, पंप उघडा, आणि सील ज्या द्रवाचे त्याच द्रवाची चिठ्ठी टाकीवर चिकटवा. गळतीच्या जागचा पत्रा उघडल्याशिवाय तिथला रंग करू नका, कारण चुंबक सुटलं ती जागा आणि ही गळती एकाच कोपऱ्यात आहेत, हा योगायोग नाही. केबल तर एका दुपारचं काम. टॉप उन्हात चढवून ठेवा, दर दिवशी थोडा ओढा. एखाद्या वेळी येतो. नाही आला तर नवं कापड धरून चाला.

आकडा विचारलात तर मी साठ हजारांच्या वर गेले नसते, आणि सुरुवात पंचावन्नपासून केली असती. त्याला कोपऱ्यातले फोड, कप आणि केबल दाखवूनच बोला. सरळ माणसाशी सरळ बोललेलं बरं.

चालवत घरी आणू नका. बंद ट्रेलर करा, आणि तुमच्या गॅरेजची लांबी आधी मोजून घ्या. गाडी जवळजवळ अठरा फूट आहे.

आणि एक. ज्यांनी फ्रेमपासून गाडी उभी केली, त्यांनी काढलेले जुने भाग फेकलेले नसतात. तळघरात, गॅरेजच्या माळ्यावर खोकी असतील. जुने सिलिंडर, दिव्यांच्या कडा, कार्बोरेटर, कदाचित ते सोम्ब्रेरो टोपीसारखे दिसणारे, चाकांवरचे हबकॅपही. मुलाला तो कचरा वाटत असणार. व्यवहारातच 'गाडीचे सगळे सुटे भाग आणि वह्या' असं लिहून घ्या, आणि ट्रेलर न्याल त्याच दिवशी खोकीही उचला. आमच्याकडे उजव्या मागच्या काचेचा एक जादा सिलिंडर पडलाय. तुमच्या खोक्यात डाव्या बाजूचा जादा निघाला तर मला आधी कळवा.